विजेचं झाड लावायचं कधी?

२००५ ते २०१२ या सात-आठ वर्षांत ज्यांनी तालुक्याच्या गावी संसार केला, त्या सगळ्या जणींना एक कागद नक्की आठवत असेल. कालनिर्णयच्या शेजारी, त्याच खिळ्याला टोचलेला. भारनियमनाचं वेळापत्रक! तिथी-वार नंतर, आधी लाइट किती वाजता जाणार ते बघायचं. चतुर्थी लक्षात राहिली नाही तरी चालेल, पण बुधवारी पहाटे साडेपाचला लाइट जाते हे पाठ पाहिजे. कारण त्याच्या आत वरची टाकी भरायची, वाटण मिक्सरमधून काढायचं, पोरांच्या गणवेशाला इस्त्री करायची. गजर लावून मध्यरात्री उठून इडलीचं पीठ वाटणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पिठाच्या गिरणीत दळणाचे डबे रांगेत उभे आणि बायका घरी, कारण लाइट आल्यावर गिरणीवाला पोराला सांगावा घेऊन पाठवणार.

तालुक्याला सहा-सात तास, खेड्यात दहा-बारा तास, असा तो हिशोब होता. शेतावर तर थ्री फेज लाइट रात्रीची. घरधनी बाराच्या ठोक्याला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघाला, की घरातली बाई तो परत येईपर्यंत जागी. सापकिरडाची भीती, ओल्या हातांनी स्टार्टरला हात लावायची भीती. त्या रात्रींची बेरीज कुठल्या अहवालात नाही.

तेव्हा आपण सगळ्या जणी एकच प्रश्न विचारत होतो, 'लाइट येणार कधी?' तो वायरमनला विचारायचा प्रश्न. त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न होता, तो फारसा कुणी विचारला नाही. लाइट येणार कुठून? आणि ती तिथून यावी म्हणून पैसे कुणी, कधी घालायला पाहिजे होते?

कारण वीज काही दुकानातून आणायची वस्तू नाही. औष्णिक केंद्र बांधायचं म्हटलं तर जागा, पाणी, कोळशाचा करार, परवानग्या आणि बांधकाम यात सहज सहा-आठ वर्षं जातात. जलविद्युतला त्याहून जास्त. म्हणजे २००५ ला अंधार झाला तो २००५ च्या चुकीमुळे नव्हे. ती नव्वदच्या दशकात न लावलेली झाडं होती. आंबा लावणारा आणि आंबा खाणारा वेगळा असतो हे आपल्याला शेतात कळतं, विजेच्या बाबतीत मात्र आपल्याला आज कोय टाकून उद्या रस पाहिजे असतो.

त्याच काळात मुंबईत भारनियमन नव्हतं. आम्हाला त्याचा भारी राग यायचा. मुंबईकरांच्या एसीसाठी आमच्या देवघरातला दिवा घालवता का, असं भाषणांत म्हटलं की टाळ्या पडायच्या. रागात खोटं काही नव्हतं, पण गोष्ट अर्धीच होती. मुंबईच्या विजेची तजवीज खूप आधी झाली होती. टाटांनी खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू केलं १९१५ साली. मग भिवपुरी, मग १९२७ ला भिरा. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी अडवायचं, घाटाखाली सोडायचं आणि त्या वेगावर जनित्र फिरवायचं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी घातलेल्या भांडवलावर पुढच्या चार पिढ्या उजेडात बसल्या.

भांडवल एकट्या टाटांचं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. मुळशीच्या धरणात मावळच्या शेतकऱ्यांची भातखाचरं गेली. १९२१ ते २४ सेनापती बापटांनी तिथे सत्याग्रह केला, बायाबापड्याही त्यात उतरल्या. धरण झालंच. जमीन ज्यांची गेली त्यांच्या घरात उजेड पडायला मात्र पुढे कितीतरी वर्षं लागली. विजेत गुंतवणूक म्हटलं की आपण रुपये मोजतो. जमीन, पाणी, उठलेलं गाव हीसुद्धा गुंतवणूकच असते आणि तिच्यावर लाभांश मिळत नाही.

कोयनेचंही तेच. १९५४ च्या सुमारास काम सुरू झालं, १९६२ ला पहिला संच फिरला. पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर आहे. आज सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. त्यातला मोठा चौथा टप्पा पुरा व्हायला नव्वदचं दशक संपावं लागलं. १९९९ साली जलाशयाच्या तळाला भोक पाडून पाणी बोगद्यात घ्यायचं 'लेक टॅपिंग' झालं तेव्हा वर्तमानपत्रांची पहिली पानं त्यानं भरली होती. म्हणजे बघा, आजोबांनी सुरू केलेलं काम नातवाच्या काळात पुरं झालं. मधल्या काळात १९६७ चा भूकंप झाला, सरकारं बदलली, पण काम थांबलं नाही. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ते उगीच नाही. संध्याकाळी सगळीकडे एकदम दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात तेव्हा कोळशाचं केंद्र पटकन वर येत नाही. कोयनेचं जनित्र काही मिनिटांत येतं. घरात पाहुणे अचानक आले की हाताशी असलेल्या डब्यातला चिवडा जसा उपयोगी पडतो, तसं. आणि तरीही २०१८ मध्ये कोयनेचे धरणग्रस्त पुनर्वसनासाठी कोयनानगरला ठिय्या मांडून बसले होते. धरण होऊन पन्नासहून जास्त वर्षं झाल्यावर!

मग नव्वदच्या दशकात आपण केलं तरी काय? एक मोठी उडी मारली. एन्रॉन.

गुहागरजवळच्या अंजनवेलला दाभोळ प्रकल्प आला. १९९२ ला समझोता, १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार. त्यावर राजकारण इतकं झालं की करारात नेमकं काय होतं ते सामान्य माणसाला कधी कळलंच नाही. मी माझ्या मैत्रिणींना खाणावळीच्या डब्याचं उदाहरण देते. समजा तुम्ही डबा लावलात. अट अशी, की डबा घ्या अथवा न घ्या, महिन्याचे ठरलेले पैसे द्यायचे. भाजी महागली तर जादा पैसे तुम्ही द्यायचे. आणि हिशोब रुपयांत नाही, डॉलरमध्ये. रुपया घसरला तरी भुर्दंड तुमचाच. असा डबा आपण घरी लावला असता का? पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा, तो मे १९९९ मध्ये सुरू झाला. इंधन नाफ्त्याचं. तेल महागलं, डॉलर महागला, आणि काही महिन्यांत ही वीज युनिटला सात रुपयांच्या पुढे गेली. मंडळाला बाकीची वीज त्याच्या निम्म्याहून कमी दरात मिळत होती. २००१ च्या मे महिन्यात मंडळानं वीज घेणं थांबवलं, केंद्र बंद पडलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं वाजलं. पुढे २००५ ला केंद्र सरकारच्या कंपन्यांनी एकत्र येऊन तो प्रकल्प ताब्यात घेतला.

या गोष्टीतला बायकांचा भाग फारसा सांगितला जात नाही. १९९७ च्या जूनमध्ये वेलदूरच्या कोळी वस्तीत पोलिस शिरले, बायकांना मारहाण झाली, अटक झाली. मानवी हक्क संघटनांनी त्यावर अहवाल काढले. त्या बायका विजेच्या विरोधात नव्हत्या. खाडीत गरम पाणी सोडलं तर मासळीचं काय होईल, एवढंच विचारत होत्या. मासळी विकून घर चालवणारी बाई दुसरं काय विचारणार?

पण एन्रॉनमुळे झालेलं मोठं नुकसान त्या सात रुपयांच्या युनिटमध्ये नव्हतं. सगळी अंडी एका टोपलीत ठेवली, टोपली फुटली, आणि मधल्या काळात दुसरी कोंबडी पाळलीच नाही. 'एन्रॉन येतंय ना' म्हणून इतर प्रकल्प रेंगाळले. मग 'एन्रॉन नको रे बाबा' म्हणून कुणी करारावर सही करायला धजेना. यातच दहा वर्षं गेली आणि तो कागद आपल्या खिळ्याला लागला. त्यातच २००४ च्या निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत विजेची घोषणा झाली, आणि निवडणूक आटोपल्यावर २००५ मध्ये ती मागेही घेतली गेली. नसलेली वीज फुकट द्यायची घोषणा! जून २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे झाले. निर्मिती एकीकडे, पारेषण एकीकडे, वितरण एकीकडे. घरात वाटण्या झाल्या म्हणून धान्य वाढत नाही, हे कुठल्याही सासूबाईंनी सांगितलं असतं.

गुंतवणूक आलीच नाही असंही नव्हे. साताऱ्याच्या पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचं रानच उभं राहिलं. पैसा कारखानदारांचा होता, मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचा होता. त्याचं कारण ऐकून मला तेव्हा गंमत वाटली होती. पवनचक्की लावली की तिच्या किमतीचा जवळजवळ सगळा घसारा पहिल्याच वर्षी दाखवून आयकर वाचवता येई. म्हणजे चक्की उभी राहिली की मालकाचं काम झालं. ती वर्षभर किती फिरली, किती युनिट निघाली, यात त्याला रस कमी. लग्नात मिरवायला घेतलेल्या शालूसारखं. पुढे २००९ मध्ये केंद्रानं तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे पन्नास पैसे द्यायची योजना आणली. फरक बघा. आधी चक्की लावल्याबद्दल बक्षीस होतं, नंतर चक्की चालवल्याबद्दल. मला विचाराल तर लांब पल्ल्याच्या गुंतवणुकीची सगळी मेख इथेच आहे. बक्षीस कशाला ठेवता त्यावर माणूस कसा वागणार ते ठरतं.

सहकारी साखर कारखान्यांनी केलेली गोष्ट मला म्हणून जास्त आपली वाटते. उसाचं चिपाड जाळून वाफ करायची, तिच्यावर कारखाना चालवायचा आणि उरलेली वीज विकायची. त्यासाठी जुने बॉयलर काढून जास्त दाबाचे घ्यावे लागले. त्यात मोठं कर्ज होतं आणि सभासदाच्या ऊसबिलातली कपातही. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरी कारखान्याच्या शेअरचा दाखला ट्रंकेत असेल. तो शेअर म्हणजे एका अर्थानं वीजकेंद्रातला वाटाच. वार्षिक सभेचा अहवाल घरी येतो, त्यात सहवीजनिर्मितीचं पान असतं. ते आपण वाचत नाही. साखर किती किलो मिळणार तेवढं बघतो. एकदा वाचून बघा. किती युनिट विकली, काय दरानं आणि कर्ज किती फिटलं, सगळं लिहिलेलं असतं.

आणि परळी? मराठवाड्यातल्या मैत्रिणींना सांगायला नको. बीड जिल्ह्यातलं एवढं मोठं औष्णिक केंद्र, २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, माणसं होती, यंत्रं होती. पाणीच नव्हतं. आपल्या भागात केंद्र आलं म्हणजे भाग्य उजळलं असं नसतं. ते केंद्र आपल्या भागाला झेपणारं आहे का, हे आधी बघायला लागतं. ज्या गावात आठवड्यानं नळाला पाणी येतं तिथे पाण्यावर चालणारं केंद्र किती वर्षं चालेल, याचं उत्तर हंडा घेऊन रांगेत उभी राहणारी बाई इंजिनिअरइतकंच नीट देईल.

आता हे सगळं जुनं पुराण आज काढायचं कारण काय, असं कुणी म्हणेल. मोठमोठ्या केंद्रांचे निर्णय मंत्रालयात होत होते, तिथे आपल्याला कोण विचारणार होतं? पण आता जे चाललंय ते आपल्या ग्रामसभेत येतंय, आपल्या सातबाऱ्यावर येतंय आणि आपल्या गच्चीवर येतंय.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तिचा दुसरा आणि मोठा टप्पा २०२३ पासून. कल्पना साधी आहे. गावाच्या वीज उपकेंद्राजवळ काही एकर जमिनीवर सौर पॅनल लावायचे, तिथली वीज त्याच उपकेंद्रात सोडायची आणि शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची. लांबून वीज आणताना तारांमध्ये जी गळती होते ती वाचते आणि शेतकऱ्याची रात्रीची फेरी वाचते. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला, ३ मेगावॉटचा. कोयनेच्या तुलनेत अगदी लिंबूटिंबू, पण काही महिन्यांत उभा राहिला. मोठ्या केंद्राला लागणारी वर्षं इथे लागत नाहीत.

दिवसा पाणी धरता आलं तर काय होतं हे मी शेजारच्या एका गावात विचारलं. मला वाटलं, उत्पन्न वाढलं वगैरे सांगतील. एक वहिनी म्हणाल्या, "ताई, झोप मिळाली. ह्यांना पण आणि मला पण." दुसरी म्हणाली, "आता दारं धरायला मी पण जाते, उजेडी जायला काय भ्यायचं?" म्हणजे काम वाढलं की कमी झालं, असं मी विचारल्यावर सगळ्या हसल्या.

पण दुसऱ्या बाजूचंही ऐका. अशा प्रकल्पाला सरकारी जमीन आधी बघितली जाते, आणि खेड्यात सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान. गायरान कागदावर पडीक असतं. प्रत्यक्षात तिथे भूमिहीन बायकांच्या शेळ्या चरतात, सरपण मिळतं, गोवऱ्या थापल्या जातात, पावसाळ्यात रानभाजी मिळते. आमच्या तालुक्यातल्या एका गावात असा ठराव आला तेव्हा ग्रामसभेत पुढच्या रांगेत सगळे पुरुष आणि बायका देवळाच्या पायरीवर. 'गावाला पैसे मिळणार आहेत' एवढं ऐकून माना हलल्या. योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख रुपये असे तीन वर्षं मिळायची तरतूद आहे, ती खरीच आहे. तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "पैसे तीन वर्षं. आन् शेरडं किती वर्षं कुठं न्यायची?" सभा एकदम गप्प. ती पंचवीस वर्षांचा हिशोब मागत होती आणि तो कुणाकडे तयार नव्हता.

शेवटी त्या गावात गायरानाचा एक तुकडा चराईला राखून ठेवायचं ठरलं, उपकेंद्राकडची बाजू प्रकल्पाला. कुंपणाच्या आतलं गवत कापून न्यायची मुभा बायकांना द्यायची, हेही तोंडी कबूल झालं. मी म्हटलं, तोंडी नको, ठरावात घ्या. पॅनलखाली गवत वाढतंच, कंपनीला ते काढावंच लागतं. मग ते काढायचं आणि पॅनल धुवायचं काम बचत गटाला का देऊ नये? हा मुद्दा आधी निघाला तर करारात बसतो. मागाहून निघाला तर हातापाया पडावं लागतं.

खासगी जमीन भाड्यानं द्यायची तर दर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये धरलाय, एकराला साधारण पन्नास हजार, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहू माळ असेल तर हे उत्पन्न वाईट नाही. दुष्काळात बियाणंही निघत नाही त्या रानाला खात्रीचे पैसे. पण कागद पंचवीस-तीस वर्षांचा असतो. तीन टक्क्यांनी भाडं दुप्पट व्हायला चोवीस वर्षं लागतात. आपल्या जुन्या किराण्याच्या याद्या काढून बघा, चोवीस वर्षांत किती गोष्टी फक्त दुपटीवर थांबल्या? तूरडाळ थांबली का? सिलिंडर थांबला का? म्हणून सगळी जमीन देऊ नये, असं माझं स्पष्ट मत. खडकाळ तुकडा द्यावा, विहिरीखालचं रान ठेवावं.

आणि सही कुणाची? सातबाऱ्यावर बाईचं नाव नसेल तर पंचवीस वर्षांचा करार तिला न विचारता होतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावे जमीन करायची. कितीतरी नवऱ्यांनी तेव्हा केलीही. आता भाडं थेट बँकेच्या खात्यात येतं. ते खातं जोडखातं असावं, ही मागणी करायला कुठल्या मोहिमेची गरज नाही. नवऱ्याला दुपारचं जेवण वाढताना करता येते.

आता गच्ची. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान. एक किलोवॉटचे पॅनल साधारण शंभर चौरस फूट जागा घेतात आणि दिवसाला सरासरी चार युनिट देतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. दिवसा उरलेली वीज तारेतून बाहेर जाते, रात्री आपण तारेतली घेतो, आणि मीटर दोन्हींचा हिशोब ठेवतो. ज्यांचा महिन्याचा वापर दोनशे-अडीचशे युनिट आहे त्यांना दोन किलोवॉट पुरतात. बाजारात सव्वा लाखाच्या आसपास धरा, अनुदान वजा जाता साठ-पासष्ट हजार आपले. एवढ्या वापराचं बिल दोन हजारांच्या आसपास येतं, म्हणजे तीन-चार वर्षांत पैसे वसूल. पॅनलची हमी साधारण पंचवीस वर्षांची असते. एवढा परतावा भिशीत मिळत नाही आणि पाटल्यांत तर नाहीच, कारण आपण पाटल्या मोडतो कुठे!

पण ज्यांचा वापर महिन्याला सत्तर-ऐंशी युनिट आहे, त्यांनी घाई करू नये. त्यांचा युनिटचा दर मुळातच खालच्या टप्प्यातला असतो, त्यामुळे वसुली फार लांबते. विकणारा हे सांगत नाही. तो आणखी एक गोष्ट सांगायची विसरतो. बॅटरीशिवायची ही साधी यंत्रणा गावातली लाइट गेली की आपोआप बंद होते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. गच्चीवर भर दुपारचं ऊन, आणि खाली पंखा बंद! आमच्या ओळखीच्या एका घरी यावरून विकणाऱ्याशी मोठं भांडण झालं. आधी माहीत असतं तर झालं नसतं.

अर्ज करायला गेलात की पहिला प्रश्न येतो, मीटर कुणाच्या नावावर? अर्ध्या घरांत मीटर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर असतो. बिल भरतो आपण, रांगेत उभ्या राहतो आपण, नाव मात्र त्यांचं. आधी ते बदलून घ्या. बदलायचंच आहे तर ते तुमच्याच नावावर का नको?

सूर्य रात्री नसतो, मग सगळं सौर करून कसं चालेल, असं आमच्या बचत गटात एकीनं विचारलं. अगदी बरोबर विचारलं. हल्ली उन्हाळ्यात राज्याची मागणी पंचवीस हजार मेगावॉटच्या पुढे जाते, आणि आपला संध्याकाळचा स्वयंपाक नेमका सूर्य मावळल्यावर सुरू होतो. एप्रिल २०२२ मध्ये कोळसा कमी पडला तेव्हा तो जुना कागद पुन्हा निघतो की काय असं वाटलं होतं, काही दिवस भारनियमन झालंच. म्हणून साठवण पाहिजे. अकोले तालुक्यातल्या घाटघरला असं एक केंद्र आहे, २००८ मध्ये सुरू झालेलं, २५० मेगावॉटचं. वीज जास्त असते तेव्हा खालच्या तलावातलं पाणी वरच्या तलावात चढवायचं, गरज असते तेव्हा खाली सोडून वीज करायची. आपण नळाला पाणी असताना गच्चीवरची टाकी भरून ठेवतो, अगदी तेच. जेवढं चढवलं तेवढं सगळं परत मिळत नाही, थोडी वीज खर्ची पडते, पण वेळेला मिळते. अशा केंद्रांना परत तेच लागणार आहे, सह्याद्रीतली जागा, मोठं भांडवल आणि पाच-सात वर्षांचा दम. घाटातली गावंही तीच. त्यांना या वेळी आधी विचारलं जाईल का, हे बघायला पाहिजे.

आणि पैसा घालणारा तरी का घालेल? त्याला वीज विकल्यावर पैसे वेळेवर मिळाले पाहिजेत. जुलै २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षं मोफत वीज जाहीर झाली. माझ्या माहेरी शेती आहे, त्यांचं बिल शून्य आलं तेव्हा मलाही बरं वाटलं. पण शून्य म्हणजे कुणीच भरलं नाही असं नसतं. सरकार भरतं, आणि सरकारनं वेळेवर भरलं नाही तर वितरण कंपनीची थकबाकी वाढते, तिची वाढली की निर्मिती करणाऱ्याचं देणं अडतं. मग पुढच्या वेळी तो एकतर येत नाही किंवा चढा दर लावून येतो. उधारीवरच्या किराणा दुकानदाराला आपण ओळखतो, तो वहीत लिहितो पण भावात वसूल करतो.

परवा गटाच्या बैठकीत आम्ही एक ठरवलं. गटाचं स्वतःचं शेवयांचं आणि पापडाचं यंत्र आहे, बिल महिन्याला साडेतीन हजारांच्या वर येतं. शेडच्या पत्र्यावर पॅनल बसवायला बँकेचं कर्ज घ्यायचं का? दुकानाच्या मीटरला घरगुती अनुदान मिळत नाही, हे आधीच विचारून घेतलंय. अकरा जणी 'हो' म्हणाल्या, चार 'बघू' म्हणाल्या. त्या चौघींतल्या एकीचा मुद्दा मला पटला. शेडचा पत्रा जुना आहे, वादळात दोनदा उडालाय. आधी पत्रा आणि कैच्या बदलायचा अंदाज काढायचा, तो खर्च धरून हिशोब करायचा आणि मग मतदान. मिस्त्री सोमवारी येतोय.